मेंदूतल्या पाण्याला वाट

चार महिन्यांच्या बाळाच्या डोक्यात पाणी साठतंय, शंट (हे पाणी दुसरीकडे वळवणारी नळी) घालावा लागेल, असं न्यूरोसर्जननं सांगितलं की पहिल्या धक्क्यातून सावरल्यावर घरचे बहुधा एक प्रश्न विचारतात: “डॉक्टर, दुर्बिणीतून होईल ना?” प्रश्न स्वाभाविक आहे. पित्ताशय, अपेंडिक्स, गर्भाशय ही ऑपरेशनं दुर्बिणीतून होताना आपण वर्षानुवर्षं पाहतोय. मोठ्या माणसाला जे सुख मिळतं ते एवढ्याशा जिवाला का मिळू नये? पण शंटच्या बाबतीत हा प्रश्न जरा आडवा पडतो. शंटचं ऑपरेशन मुळातच लहान छेदांचं आहे, आणि ते किती वर्षं टिकणार याचा छेदाच्या लांबीशी फारच थोडा संबंध आहे.

आधी हे पाणी येतं कुठून ते पाहू. मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात: डावी-उजवीकडे एकेक मोठी, मध्ये एक चिंचोळी तिसरी, आणि खाली लहान मेंदूच्या पुढ्यात चौथी. पोकळ्यांच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून एक नितळ, रंगहीन द्रव सतत पाझरत असतो. डॉक्टर त्याला ‘सीएसएफ’ म्हणतात, घरोघरी ते ‘डोक्यातलं पाणी’. मोठ्या माणसात ते दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतं. पण मेंदू आणि मणका मिळून एका वेळी त्याचा साठा असतो जेमतेम १५० मिलिलिटर. म्हणजे दिवसातून तीनदा तरी सगळं पाणी नवं होतं. बाळात हे आकडे लहान, पण हिशेब तोच. पोकळ्यांतून वाहत ते चौथ्या पोकळीच्या तोंडांतून बाहेर पडतं, मेंदूच्या पृष्ठभागावर पसरतं आणि शेवटी रक्तात शोषलं जातं. तिसरी आणि चौथी पोकळी जोडणारा बोगदा तर एखाद-दोन मिलिमीटरचाच. वाटेत कुठेही तुंबलं तरी पाणी तयार होणं थांबत नाही. नळ चालू आणि मोरीचं भोक बुजलेलं, असा प्रकार होतो.

तुंबण्याची कारणं अनेक. काही बाळांत तो बोगदा जन्मतःच अरुंद असतो. काहींच्या पाठीचा कणा गर्भात नीट मिटलेला नसतो, पाठीवर पाण्याची गाठ असते. अशा बाळांच्या मेंदूचा मागचा भाग खाली सरकलेला असतो आणि पाण्याची वाट तिथे अडते. फार आधी जन्मलेल्या बाळांत पोकळ्यांमध्ये रक्तस्राव होतो आणि ते रक्त शोषणाच्या जागा बुजवतं. मेंदूच्या आवरणाला संसर्ग होऊन गेल्यावर जाळी-चिकटे तयार होतात. आपल्या देशात यात क्षयरोगाचा वाटा अजूनही मोठा आहे. थोड्या मोठ्या मुलांत लहान मेंदूजवळची गाठ हेही कारण निघतं.

दीड वर्षाच्या आतल्या बाळाला निसर्गानं एक सवलत दिलेली असते. कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात, टाळू उघडी असते. त्यामुळे पाण्याचा दाब वाढला की डोकं वाढतं आणि मेंदूवरचा ताण काही काळ लांबतो. सवलत फसवी आहे, कारण बाळ फारसं रडत नाही, दूध पितं, हसतं, आणि डोकं मात्र वाढत राहतं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः ३४–३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटर वाढतो, पुढचे तीन महिने एक, आणि त्यानंतर वर्षापर्यंत अर्धा. एका मापावरून काही ठरत नाही. बापाचं डोकं मोठं असेल तर लेकराचंही असू शकतं. दर महिन्याची मापं तक्त्यावर मांडली आणि रेघ आपली वाट सोडून वर चढू लागली, तर ती खूण. ‘डोकं मोठं म्हणजे पोरगं हुशार निघणार’ या घरगुती भाकितानं किती मुलांचे महिने वाया घालवले असतील, कोण जाणे.

आपल्याकडे रोज तेल घालून टाळू भरायची पद्धत आहे. टाळूवर तेलानं काही होत नाही. पण त्यामुळे घरातल्या एका अनुभवी हाताला बाळाची टाळू रोज लागते. बाळ शांत आणि उभं धरलेलं असताना टाळू किंचित खोल किंवा सपाट लागायला हवी. तशा अवस्थेतही ती फुगलेली, ताठ लागली, कपाळावरच्या शिरा ठळक झाल्या, किंवा बाळाचे डोळे खाली वळून बुबुळांच्या वर पांढरं दिसू लागलं, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून मोजपट्टी आणि डॉक्टर गाठावेत. टाळू उघडी आहे तोवर तपासणीही सोपी असते: तिच्यावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला की पोकळ्या दिसतात, ना क्ष-किरण ना भूल.

उपचाराची कल्पना साधी आहे: अडलेल्या पाण्याला दुसरी वाट द्यायची. हे पाणी कुठे सोडायचं यावर मात्र सर्जनांनी अर्धं शतक डोकं आपटलं. १९४९ च्या सुमाराला बोस्टनमध्ये डोनाल्ड मॅट्सन यांनी ते मूत्रवाहिनीत सोडून पाहिलं. त्यासाठी धडधाकट मूत्रपिंड काढून टाकावं लागे. मग मानेतल्या शिरेतून हृदयात सोडायची रीत आली. ती बरीच वर्षं चालली, पण बाळ उंच होऊ लागलं की नळी अपुरी पडे आणि संसर्ग झाला तर तो थेट रक्तात. आज बहुतेक मुलांत पाणी पोटात सोडतात. पोटाच्या आतलं पातळ आवरण ते सहज शोषून घेतं, आणि नळीची जादा लांबी तिथेच गुंडाळून ठेवता येते. मूल वाढतं तशी ती उलगडत जाते.

पण नुसती नळी घालून भागत नाही. बाळ आडवं असताना आणि उभं असताना दाब वेगवेगळा असतो. पाणी फार वाहून गेलं तर मेंदू आक्रसतो आणि कवटीच्या आत रक्त साकळतं. म्हणून मध्ये एक झडप हवी: ठराविक दाबानंतरच उघडणारी आणि उलटं काही येऊ न देणारी. या झडपेचा इतिहास मला औषधशास्त्रातल्या अनेक मोठ्या शोधांपेक्षा अधिक हृदयाजवळचा वाटतो, कारण तिचे दोन महत्त्वाचे टप्पे हतबल बापांनी गाठलेले आहेत.

पहिला जॉन होल्टर. अमेरिकेतल्या एका कुलपांच्या कंपनीत तंत्रज्ञ. नोव्हेंबर १९५५ मध्ये त्याचा मुलगा केसी पाठीवर गाठ घेऊन जन्मला आणि पाठोपाठ डोक्यात पाणी साठू लागलं. फिलाडेल्फियाच्या बाल-रुग्णालयात टाळूतून सुई घालून ते पुन्हापुन्हा काढावं लागे. सर्जन यूजीन स्पिट्झ यांच्या हाती तोवर जी झडप होती ती भरवशाची नव्हती. होल्टरच्या ध्यानात आलं की लवचीक नळीला बारीक चीर दिली तर आतला दाब वाढल्यावर ती उघडते आणि दाब उतरला की आपोआप मिटते. रबर शरीरात टिकेना, तेव्हा तो सिलिकोनकडे वळला. १९५६ मध्ये स्पिट्झ यांनी ही झडप रुग्णांत बसवायला सुरुवात केली. केसी पाचच वर्षं जगला. स्पिट्झ-होल्टर झडप मात्र हजारो मुलांत बसवली गेली.

दुसरा बाप मराठी वाचकांच्याही ओळखीचा, लेखक रोआल्ड डाल. डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका टॅक्सीनं त्याच्या चार महिन्यांच्या थिओच्या बाबागाडीला धडक दिली. डोक्याला मार बसून पाणी साठलं, शंट बसवला, आणि तो सारखा तुंबू लागला. इंग्लंडला परतल्यावर डालनं ओळखीच्या स्टॅन्ली वेडला गाठलं. वेडचा छंद छोट्या विमानांची इंजिनं बनवण्याचा. इवल्याशा पंपातून द्रव न तुंबता कसा न्यायचा हे त्याला पक्कं ठाऊक. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातले न्यूरोसर्जन केनेथ टिल यांनी नेमकी अडचण समजावून दिली. तिघांनी मिळून केलेली झडप १९६२ मध्ये पहिल्यांदा एका मुलात बसवली गेली आणि १९६४ मध्ये टिल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये तिचं वर्णन छापलं. तोवर थिओला शंटची गरज उरली नव्हती. तिघांनी नफा घ्यायचा नाही असं ठरवलं होतं, आणि तो घेतला नाही.

आता ऑपरेशन. कानाच्या मागे वर किंवा कपाळाच्या वर केसांत एक लहान छेद घेऊन कवटीला छोटं भोक पाडतात आणि सिलिकोनची बारीक नळी पोकळीत सरकवतात. झडप त्वचेखाली बसते. तिथून एक लांब सळई कातडीखालून मान, गळपट्टीचं हाड, छाती असा प्रवास करत पोटापर्यंत नेतात आणि तिच्यातून नळी ओढून घेतात. पोटावर एक-दोन सेंटिमीटरचा छेद, त्यातून नळीचं टोक आत. बाहेरून काही दिसत नाही. साधारण तासाभराचं काम.

यात दुर्बीण कुठे येते? दोन्ही टोकांना. पोटाकडे लॅप्रोस्कोप वापरला तर नळीचं टोक योग्य ठिकाणी गेलंय आणि त्यातून पाण्याचे थेंब पडताहेत हे डोळ्यांनी दिसतं. ज्याच्या पोटाचं आधी ऑपरेशन झालंय, आत आतडी चिकटलेली आहेत, त्याला याचा खरा उपयोग. लवकर जन्मलेल्या काही बाळांत डोक्यातला रक्तस्राव आणि आतड्याचा गंभीर आजार हे दोन्ही भोगून झालेले असतात. तिथे सर्जन कॅमेरा मागतो. एरवी चार किलोच्या बाळाच्या पोटाची भिंत इतकी पातळ असते की उघड्या छेदाची आणि दुर्बिणीच्या छेदांची लांबी मिळून जवळपास सारखीच भरते. शिवाय लॅप्रोस्कोपीसाठी पोटात वायू भरावा लागतो आणि पोटातला दाब वाढला की डोक्यातलाही वाढतो. आधीच दाबाखाली असलेल्या मेंदूला हे मानवेल की नाही, हे भूलतज्ज्ञाला तोलावं लागतं.

डोक्याकडच्या टोकाची गोष्ट अधिक बोलकी आहे. शंट तुंबतो तो बहुतेकदा तिथेच, कारण पाणी पाझरवणारं ते रक्तवाहिन्यांचं जाळं नळीच्या छिद्रांत शिरतं. मग वाटलं, दुर्बिणीतून पाहत नळीचं टोक त्या जाळ्यापासून लांब ठेवलं तर शंट टिकेल. तर्क इतका सरळ की कोणीही हो म्हणेल. ३९३ मुलांवर याची रीतसर चाचणी झाली आणि २००३ मध्ये निकाल आला: दुर्बीण वापरलेल्या गटात वर्षभरात ४२ टक्के शंट बिघडले, न वापरलेल्या गटात ३४ टक्के. संख्याशास्त्राच्या काट्यावर हा फरक ठाम नव्हता, पण फायदा झाला असं म्हणायला जागाही उरली नाही. झडपांचंही तसंच. १९९८ च्या एका चाचणीत ३४४ मुलांत तीन वेगवेगळ्या घडणीच्या झडपा ताडून पाहिल्या. तिन्हींत वर्षभरात सुमारे ४० टक्के, आणि दोन वर्षांत निम्म्याहून जास्त शंट बिघडले. नवी, महागडी घडण जुनीच्या पुढे गेली नाही.

मग फरक कशानं पडला? ज्याचा फोटो काढून जाहिरातीत टाकता येत नाही अशा गोष्टींनी. शंटचा संसर्ग बहुधा रुग्णाच्याच कातडीवरच्या निरुपद्रवी जंतूंमुळे होतो. सिलिकोनवर त्यांचा थर बसला की औषधं पोचत नाहीत, नळी काढून टाकावी लागते. उत्तर अमेरिकेतल्या काही बाल-रुग्णालयांनी मिळून एक नियमावली पाळायला घेतली: हात कसे धुवायचे, कातडी कशी साफ करायची, हातमोजे दुहेरी, थिएटरमध्ये ये-जा बंद, प्रतिजैविक छेदाच्या आधी. २०११ मध्ये त्यांनी कळवलं की संसर्गाचं प्रमाण ८.८ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर आलं. ब्रिटन-आयर्लंडमधल्या १,६०५ रुग्णांच्या चाचणीत, जिचा निकाल २०१९ मध्ये आला, साध्या नळीत संसर्ग ६ टक्के, चांदी मिसळलेल्या नळीत तेवढाच ६ टक्के, आणि प्रतिजैविक भिनवलेल्या नळीत २ टक्के. म्हणून दुर्बिणीच्या आधी विचारायचा प्रश्न मला दुसराच वाटतो: इथे मुलांचे शंट नेमाने होतात का, संसर्गाची नोंद ठेवता का, आणि प्रतिजैविकाची नळी मिळेल का.

दुर्बिणीला खरा मान मिळाला तो शंट टाळण्यासाठी. कल्पना जुनी आहे. १९१० मध्ये शिकागोत व्हिक्टर लेस्पिनास या मूत्ररोगतज्ज्ञानं मूत्राशयाची दुर्बीण दोन बाळांच्या डोक्यात घालून पाणी पाझरवणारं जाळं जाळून पाहिलं; एक बाळ लगेच दगावलं, दुसरं काही वर्षं जगलं. १९२३ मध्ये बोस्टनला विल्यम मिक्स्टर यांनी तशाच दुर्बिणीनं एका नऊ महिन्यांच्या मुलीच्या तिसऱ्या पोकळीच्या तळाला भोक पाडलं: पाणी बोगद्याकडे न जाता थेट मेंदूखालच्या मोकळ्या जागेत. उजेड अपुरा, उपकरणं जाड. मग शंट आला आणि ही वाट मागे पडली. चांगली भिंगं आणि कॅमेरे आल्यावर ती परत आली. ‘ईटीव्ही’ म्हणतात ती हीच. बोगदा अडलेल्या मोठ्या मुलांत ती छान चालते, अंगात कायमची नळी राहत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात मात्र भोक पुन्हा बुजण्याची शक्यता बरीच असते.

या अडचणीवर उत्तर शोधलं गेलं ते पूर्व आफ्रिकेत. २००० मध्ये बेंजामिन वॉर्फ हे अमेरिकी न्यूरोसर्जन युगांडातल्या म्बाले गावी मुलांचं रुग्णालय उभं करायला गेले. तिथल्या बहुसंख्य बाळांच्या डोक्यात पाणी झालेलं होतं ते जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात झालेल्या संसर्गामुळे. (पुढे, २०२० मध्ये, त्यातल्या बऱ्याच बाळांच्या पाण्यात पेनिबॅसिलस जातीचा जंतू सापडला.) शंट बसवून बाळ गावी गेलं आणि सहा महिन्यांनी तो तुंबला, तर घरापासून म्बालेपर्यंत पोचायचं कसं? बिघडलेल्या शंटला थोडेच तास मिळतात, आणि तिथला रस्ता त्याहून लांब. वॉर्फ यांनी तळाला भोक पाडण्याला लेस्पिनासची जुनी युक्ती जोडली: लवचीक दुर्बीण टाळूतून आत, आधी भोक, मग दोन्ही बाजूंचं जाळं जाळायचं, म्हणजे पाणी तयारही कमी होईल. २००५ मध्ये त्यांनी सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळांत नुसत्या भोकानं ४७ टक्के यश आलं होतं, दोन्ही मिळून ६६ टक्के.

त्याच वर्षी आलेला त्यांचा दुसरा लेख आपल्या जास्त जवळचा आहे. लखनौचे न्यूरोसर्जन डॉ. छाब्रा यांच्या घडणीचा, उत्तर प्रदेशातल्या शाहजहांपूरला बनणारा शंट वॉर्फ यांनी एका नामांकित परदेशी शंटशी १९५ मुलांत ताडून पाहिला. भारतीय शंटची किंमत होती ३५ डॉलर, दुसऱ्याची ६५०. वर्षानंतर निकालात फरक आढळला नाही. मुंबई-पुण्याच्या सरकारी रुग्णालयात मुलाला ‘स्वस्तातला’ शंट बसवला म्हणून हळहळणाऱ्या बापाला हे कुणीतरी सांगायला हवं.

आणि दुर्बीण विरुद्ध नळी? तोही सामना म्बालेत झाला. सहा महिन्यांच्या आतली, संसर्गानंतर पाणी झालेली १०० बाळं. काहींना शंट, काहींना दुर्बिणीची दुहेरी शस्त्रक्रिया. २०१७ मध्ये आलेल्या निकालानुसार वर्षानंतर बाळांच्या समजशक्तीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. मग निवड राहिली परिस्थितीवर: पाणी कशामुळे झालं, बाळाचं वय काय, आणि बिघाड झाला तर रुग्णालय किती लांब. गडचिरोलीच्या आतल्या पाड्यावरच्या बाळासाठी आणि दादरच्या बाळासाठी तोच सर्जन वेगळा सल्ला देऊ शकतो, आणि दोन्ही सल्ले बरोबर असू शकतात.

शंट बसलेलं मूल घरी आल्यावर काय पाहायचं, ते थोडक्यात. पहिल्या सहा महिन्यांत ताप आला, नळीच्या वाटेवर लाली किंवा सूज आली, जखम ओलसर झाली, तर संसर्ग समजून दाखवावं. ‘दात येताहेत’ म्हणून थांबू नये. टाळू पुन्हा फुगणं, दूध न घेणं, वारंवार उलट्या, न उतरणारी गुंगी, मोठ्या मुलात सकाळची डोकेदुखी ही तुंबल्याची लक्षणं. उलटी-गुंगी एकत्र आली तर रात्र काढायची नाही. लहान मुलग्यांत कधी जांघेत फुगवटा येतो, कारण पोटात उतरलेलं पाणी तिथल्या अजून न मिटलेल्या वाटेनं खाली येतं. त्याला ऑपरेशन लागतं, पण शंट फसला असा त्याचा अर्थ नाही. चुंबकानं दाब बदलता येणारी झडप असेल तर एमआरआयनंतर ती तपासून घ्यावी लागते. लसी, अंघोळ, शाळा, मैदान यांतलं काही थांबवायचं कारण नाही.

आणि एक फाइल. तिच्यात झडपेचं नाव, दाबाचा आकडा, ऑपरेशनची तारीख, आणि मूल बरं असतानाचा एक स्कॅन. हा शेवटचा सगळ्यांत मोलाचा, कारण काही मुलांच्या पोकळ्या शंटनंतर इतक्या बारीक आणि ताठर होतात की तो बंद पडला तरी फुगत नाहीत. रात्री दोनला परक्या गावात काढलेला स्कॅन ‘नॉर्मल’ दिसतो आणि मूल तर झोपेतून उठत नाही. अशा वेळी जुन्या स्कॅनशेजारी नवा धरला की एखाद-दोन मिलिमीटरचा फरक कळतो. आणि तोही कळला नाही, तरी ‘हा नेहमीसारखा नाही’ हे आईचं म्हणणं अनुभवी न्यूरोसर्जन अहवालाच्या वर ठेवतो आणि मुलाला दाखल करून घेतो.